घटक ५ : चंद्रशेखर वेंकट रामन – प्रकाश, रेणू आणि धूळ

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला

• रामन यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे क्रमाने सांगता येतील;
• प्रकाशाचे प्रकीर्णन म्हणजे काय, हे सोप्या मराठीत स्पष्ट करता येईल;
• हवेतील सूक्ष्म कणांमुळे दूरचे दृश्य पुसट का होते, याची कारणमीमांसा करता येईल;
• थोर व्यक्तीचे चरित्र लिहिताना कर्तृत्व आणि मर्यादा यांची मांडणी कशी करावी, हे समजेल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण नवी मुंबईतून रोज कामासाठी मुंबईस जात-येत असतील. लोकल वाशीच्या खाडीपुलावर आली की क्षणभर दोन्ही बाजूंना मोकळे आकाश दिसते. पावसाची मोठी सर येऊन गेल्यावर पारसिकच्या डोंगररांगा इतक्या स्पष्ट दिसतात, की त्यांच्यावरील झाडी वेगवेगळी ओळखता यावी. जानेवारीतील एखाद्या सकाळी मात्र त्याच रांगा पांढुरक्या पडद्यामागे नाहीशा होतात. डोंगर जागचा हललेला नसतो आणि पाहणारे डोळेही तेच असतात. बदललेली असते ती मधली हवा. त्या हवेत नेमके काय बदलते?

या प्रश्नाचे उत्तर ज्या शास्त्रात आहे, त्या शास्त्रासाठी आयुष्य वेचलेल्या संशोधकाचे चरित्र आपण या घटकात अभ्यासणार आहोत. तुमच्या नित्याच्या प्रवासातील ही ठाण्याची खाडी पुढे मुंबई बंदराला मिळते. त्याच बंदरात २६ सप्टेंबर १९२१ रोजी ‘नारकुंडा’ या आगबोटीवरून चंद्रशेखर वेंकट रामन यांनी समुद्राच्या रंगाविषयी एक टिपण लंडनच्या ‘नेचर’ या नियतकालिकासाठी धाडले. प्रकाश पदार्थावर पडल्यावर कसा विखुरतो, हा त्या टिपणाचा विषय होता आणि पुढे तोच त्यांच्या आयुष्याचा विषय झाला.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ बालपण आणि शिक्षण

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीजवळ झाला. वडील विशाखापट्टणम येथील महाविद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. त्यामुळे घरात पुस्तके होती आणि घराबाहेर समुद्र होता. असामान्य बुद्धीच्या या मुलाने मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९०४ मध्ये बी. ए. आणि १९०७ मध्ये एम. ए. ही पदवी मिळविली. विद्यार्थिदशेतच, १९०६ मध्ये, प्रकाशाविषयीचा त्यांचा पहिला शोधनिबंध इंग्लंडमधील एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

एवढ्या गुणवत्तेच्या विद्यार्थ्याने इंग्लंडला जावे, असे त्या काळी सर्वांनाच वाटे. परंतु प्रकृती नाजूक असल्याने तेथील हवा त्यांना मानवणार नाही, असा निर्वाळा डॉक्टरांनी दिला. त्या काळात हिंदुस्थानात संशोधनावर पोट भरण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. अखेर त्यांनी वित्त खात्याची स्पर्धा परीक्षा दिली आणि १९०७ मध्ये साहाय्यक महालेखापाल म्हणून ते कलकत्त्यास रुजू झाले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. त्या वेळी रामन यांनी वयाची एकोणीस वर्षेही पूर्ण केली नव्हती.

५.२.२ नोकरी सांभाळून संशोधन

चरित्राचा हा भाग तुम्हा दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना विशेष जवळचा वाटेल. कलकत्त्यात बहूबाजार रस्त्यावर डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली विज्ञानसंवर्धनाची एक संस्था होती. इमारत होती, उपकरणे होती; संशोधक मात्र फारसे नव्हते. रामन यांनी तेथे काम करण्याची परवानगी मागितली आणि ती आनंदाने मिळाली. पहाटे संस्थेत जावयाचे, घरी परतून घाईने जेवण उरकून कचेरी गाठावयाची, कचेरी सुटली की पुन्हा संस्थेत यावयाचे आणि रात्री उशिरा घरी परतावयाचे, असा क्रम सुमारे दहा वर्षे चालला. आशुतोष डे हे त्यांचे विश्वासू मदतनीस होते.

या काळात बदल्याही चुकल्या नाहीत. १९०९ मध्ये रंगून आणि १९१० मध्ये नागपूर येथे त्यांना जावे लागले. तेथे संस्था नव्हती, म्हणून राहत्या घराच्या खोलीलाच त्यांनी प्रयोगशाळेचे रूप दिले. १९११ मध्ये ते कलकत्त्यास परतले. व्हायोलिन, वीणा, तबला, मृदंग अशा वाद्यांच्या ध्वनिशास्त्रावर त्यांनी पुढे महत्त्वाचे संशोधन केले.

१९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेल्या सर आशुतोष मुखर्जी यांच्या आग्रहावरून रामन यांनी पदार्थविज्ञानाचे पालित प्राध्यापकपद स्वीकारले. सरकारी नोकरीतील पगाराच्या मानाने नवा पगार जवळजवळ निम्मा होता. प्रतिष्ठेची, निवृत्तिवेतनाची नोकरी सोडून त्यांनी आपल्या आवडीच्या विषयाला पूर्ण वेळ दिला. हा निर्णय धाडसाचा होता. तरी त्यामागे दहा वर्षांची सिद्धता होती, हे ध्यानात घ्या.

५.२.३ समुद्राचा निळा रंग

१९२१ मध्ये ऑक्सफर्ड येथे भरलेल्या विद्यापीठांच्या परिषदेसाठी रामन प्रथमच इंग्लंडला गेले. परतीच्या प्रवासात भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांचे लक्ष वेधले. समुद्र निळा का, याचे प्रचलित उत्तर लॉर्ड रॅली यांचे होते. समुद्रात आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून तो निळा दिसतो, असे ते उत्तर होते. रॅली हे त्या काळातील अधिकारी शास्त्रज्ञ आणि उत्तर सहज पटण्याजोगे. 

रामन यांनी ते तपासून पाहिले. पाण्याच्या पृष्ठावरून विशिष्ट कोनातून परावर्तित झालेला प्रकाश एकाच प्रतलात कंप पावतो. निकोल लोलक नावाचे स्फटिकाचे छोटे साधन डोळ्यांसमोर धरून योग्य प्रमाणात फिरविले, की असा प्रकाश अडविता येतो. रामन यांनी बोटीच्या कठड्याशी उभे राहून नेमके हेच केले. प्रतिबिंब नाहीसे झाले. समुद्राची निळाई मात्र गेली नाही, उलट ती अधिकच खुलली. म्हणजे निळा रंग पाण्याच्या आतूनच येत होता. पाण्याचे रेणूच सूर्यप्रकाश विखुरत होते. बोट मुंबई बंदरात येईपर्यंत या निरीक्षणावरील टिपण तयार झाले होते.

५.२.४ रेणू आणि धूलिकण

येथे थोडे थांबून प्रकीर्णनाची संकल्पना समजावून घेऊ. एखाद्या कणावर प्रकाश पडला असता तो मूळ दिशा सोडून निरनिराळ्या दिशांना विखुरतो. यास प्रकाशाचे प्रकीर्णन म्हणतात. शालेय पुस्तकांत यासाठी ‘विकिरण’ हा शब्दही तुम्ही वाचला असेल. प्रकीर्णन कसे होईल, हे मुख्यतः कणाचा आकार आणि प्रकाशाची तरंगलांबी यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

हवेचा किंवा पाण्याचा रेणू या तरंगलांबीच्या मानाने फारच लहान असतो. इतक्या लहान कणांकडून आखूड लांबीचे तरंग कितीतरी अधिक विखुरले जातात. निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरतो. म्हणून स्वच्छ आकाश निळे दिसते. ही निळाई हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे आहे, असे जॉन टिंडल यांनी १८६९ च्या सुमारास मानले होते. पुढे १८९९ मध्ये रॅली यांनी हवेचे रेणूच त्यासाठी पुरेसे असल्याचे दाखविले. रामन यांनी हाच विचार पाण्याला लागू केला आणि १९२२ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

कण तरंगलांबीच्या जवळपास वाढला, की चित्र पालटते. त्याचे गणित गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये मांडले. असा कण सर्व रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतो आणि बराचसा प्रकाश पुढच्याच दिशेने लोटतो. त्यामुळे निळाई लोपते आणि पांढुरका उजेड पसरतो. अशा कणांचा अभ्यासही रामन यांनी केला होता. हायपोचे, म्हणजे छायाचित्रकार वापरीत त्या क्षाराचे, विरल द्रावण घेऊन त्यात आम्ल टाकले, की गंधकाचे कण हळूहळू तयार होऊन वाढू लागतात. ते वाढतात तसतसा पलीकडून येणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलत जातो. बिधुभूषण राय यांच्यासह रामन यांनी १९२१ मध्येच या बदलत्या रंगांवर निबंध प्रसिद्ध केला. कणाचा आकार त्याने विखुरलेल्या प्रकाशावरून ओळखता येतो, हे त्यातून ध्यानात येते.

कलकत्त्यातील पुढच्या प्रयोगांत मोठी अडचण होती ती धुळीचीच. रेणूंकडून विखुरला जाणारा प्रकाश अतिशय क्षीण. द्रवात धुळीचे चार कण राहिले तरी त्यांचा उजेड त्याला झाकून टाकी. म्हणून रामन यांचे विद्यार्थी निर्वात नळ्यांमध्ये तेच द्रव पुनःपुन्हा ऊर्ध्वपातित करून धूळमुक्त करीत. रेणूचा प्रकाश कोणता आणि धुळीचा कोणता, हा विवेक करणे हीच त्या प्रयोगशाळेची खरी साधना होती.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

(अ) समुद्राचा निळा रंग हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब नाही, हे रामन यांनी कोणत्या साधनाने दाखविले?
(आ) रेणू आणि धूलिकण यांच्याकडून होणाऱ्या प्रकीर्णनात कोणता फरक असतो?

५.२.५ रामन परिणाम

या साधनेचे फळ १९२८ मध्ये मिळाले. त्यापूर्वी १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना शुद्ध द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाखेरीज दुसऱ्या रंगाचा अत्यंत अंधूक अंश आढळला होता. द्रवात काही अशुद्धी राहिली असावी, असे आधी वाटले. पण कितीही शुद्ध केले तरी तो अंश जाईना. १९२८ च्या आरंभी के. एस. कृष्णन यांनी अनेक द्रवांवर हे प्रयोग पुन्हा केले. २८ फेब्रुवारी रोजी पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश वापरून वर्णपटदर्शकातून पाहिले असता मूळ रेषेपासून अलग अशा नव्या रेषा स्पष्ट दिसल्या.

याचा अर्थ असा : विखुरणारा बहुतेक सर्व प्रकाश रंग न बदलता बाहेर पडतो, अगदी थोडा अंश मात्र रेणूशी ऊर्जेची देवाणघेवाण करतो आणि त्याचा रंग बदलतो. हा बदल प्रत्येक रेणूचा वेगळा असतो, म्हणून त्यावरून पदार्थ ओळखता येतो. यालाच ‘रामन परिणाम’ म्हणतात. मॉस्कोमध्ये लँड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांनाही त्याच सुमारास स्फटिकांमध्ये हा परिणाम स्वतंत्रपणे आढळला होता. १९३० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले. विज्ञानातील नोबेल मिळविणारे ते पहिले आशियाई होत. कृष्णन यांच्या वाट्याचे श्रेय किती, हा प्रश्न मात्र पुढेही चर्चेत राहिला. रामनाथन पुढे हवामान खात्यात गेले आणि कुलाबा वेधशाळेचेही संचालक झाले. अशा प्रकारे रामन यांच्या प्रयोगशाळेचा एक धागा मुंबईच्या हवेच्या अभ्यासापर्यंत येऊन पोहोचतो.

५.२.६ बंगळूरचा काळ

१९३३ मध्ये रामन बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम प्रकारे संपादन केलेल्या कमला भागवत यांनी तेथे प्रवेश मागितला. मराठीच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेल्या लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून रामन यांनी त्यांना नकार दिला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष काम पाहून मग निर्णय घेण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. वर्षभरातील त्यांचे काम पाहून रामन यांना तो नियमित करावा लागला. पुढे कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच. डी. मिळविली आणि कमला सोहोनी या नावाने त्या नामवंत जीवरसायनशास्त्रज्ञ झाल्या.

रॅलींच्या उत्तरावर विश्वास न ठेवता समुद्राकडे पुन्हा पाहणाऱ्या रामन यांना रूढ समजुतीपलीकडे जाऊन समोरच्या विद्यार्थिनीकडे पाहता आले नाही. चरित्रलेखकाने ही गोष्ट लपवू नये, तसेच तिच्यामुळे त्यांचे शास्त्रीय कार्य उणेही लेखू नये. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

सहकाऱ्यांशी झालेल्या मतभेदांमुळे १९३७ मध्ये त्यांना संचालकपद सोडावे लागले. प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत तेथे राहिले. १९३४ मध्ये त्यांनी भारतीय विज्ञान अकादमी स्थापिली आणि १९४८ मध्ये स्वतःची संशोधन संस्था उभारली. १९५४ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ हा किताब मिळाला. हिरे, शिंपले, फुले, पक्ष्यांची पिसे यांच्या रंगांचा शोध ते अखेरपर्यंत घेत राहिले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. संस्थेच्या आवारातच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि त्या जागी एक झाड लावण्यात आले. २८ फेब्रुवारी हा दिवस १९८७ पासून ‘राष्ट्रीय विज्ञान दिन’ म्हणून पाळला जातो.

५.२.७ नवी मुंबईचे क्षितिज

रामन यांचे निधन झाले त्याच १९७० साली, मार्च महिन्यात, ‘सिडको’ची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर आकार घेऊ लागले. आता आपण आरंभीच्या प्रश्नाकडे वळू.

डोंगर दिसतो तो त्याच्या आणि मागच्या आकाशाच्या उजेडातील फरकामुळे. डोंगराकडून येणारा प्रकाश वाटेतील कणांवर आदळून इकडेतिकडे विखुरतो. तितका तो डोळ्यांपर्यंत कमी पोहोचतो. त्याच वेळी सूर्याचा प्रकाश मधल्या हवेतील कणांवरून विखुरून डोळ्यांत शिरतो. पहिल्या कारणाने डोंगर पुसट होतो, दुसऱ्याने त्याच्यापुढे पांढरा पडदा उभा राहतो. फरक सुमारे शेकडा दोन इतका उरला, की डोळ्यांना डोंगर दिसेनासा होतो. दृश्यमानतेचा हा नियम कोश्मीडर यांनी १९२४ मध्ये मांडला. हवेत केवळ रेणूच असते, तर समुद्रसपाटीवर सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत दिसले असते. धुरकट सकाळी ती मर्यादा काही थोड्या किलोमीटरवर येते. मधला सगळा फरक कणांचा आहे.

या कणांपैकी २.५ मायक्रॉनपेक्षा लहान असणाऱ्यांना सूक्ष्म कण म्हणतात. वाहनांचा धूर, कारखान्यांची धुराडी, जळणारा कचरा आणि लाकूडफाटा यांतून ते येतात. गंधक व नायट्रोजन यांच्या वायूंपासून हवेतच तयार होणारे सल्फेट व नायट्रेट हेही त्यांत मोडतात. बांधकामाची आणि दगडखाणींची धूळ बहुतांशी याहून भरड असते. तेवढ्याच वजनाच्या भरड धुळीपेक्षा साधारण अर्ध्या मायक्रॉनचे कण प्रकाश कितीतरी अधिक अडवितात, कारण त्यांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीशी जुळतो. दुर्दैवाने हेच कण नाकातोंडात न अडकता फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात. जे डोंगर झाकते, तेच श्वासाबरोबर आत जाते. म्हणूनच आपल्या देशात अशा कणांसाठी घनमीटरमागे वर्षाच्या सरासरीने ४० आणि चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरविलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस अनुक्रमे ५ आणि १५ अशी याहून पुष्कळ कडक आहे.

हिवाळ्यात हा पडदा दाट होण्याची कारणे हवामानात आहेत. वारा मंद असतो. रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड व जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्टा आणि शीव–पनवेल महामार्ग यांवरील धूर त्या झाकणाखाली साठतो. पहाटेच्या दमट हवेत सल्फेटचे कण ओलावा शोषून फुगतात आणि प्रकाश अधिक अडवितात. पावसाळ्यात सरींनी कण धुऊन जातात आणि क्षितिज पुन्हा जवळ येते.

अशा सकाळी आपण सहज म्हणतो, की धुके पडले आहे. येथेच रामन यांचा विवेक कामी येतो. धुके पाण्याच्या थेंबांचे असते आणि ऊन चढताच बहुधा विरते. दुपारी दोन वाजताही क्षितिज पांढुरके राहिले, तर ते धुके नव्हे. नावात चूक झाली की दोष ऋतूकडे जातो आणि धुराचे मूळ तसेच राहते. दृश्यमानतेवरून कणांचे नेमके वजन कळत नाही, कारण आर्द्रतेचाही त्यात वाटा असतो. त्यासाठी मापनकेंद्रे आहेत. काही मापनयंत्रे लेसरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो, यावरूनच कण मोजतात. आणि कण काजळीचा आहे की खनिजाचा, हे प्रयोगशाळेत ओळखण्यासाठी रामन परिणामाचा उपयोग होतो.

५.३ सारांश

रामन यांनी नोकरी सांभाळून दहा वर्षे संशोधन केले. पुढे प्रचलित उत्तराची स्वतः परीक्षा घेऊन समुद्राची निळाई पाण्याच्या आतूनच येते, हे त्यांनी दाखविले. रेणूंचा प्रकाश धुळीच्या प्रकाशापासून अलग करण्याच्या प्रयत्नांतून रामन परिणामाचा शोध लागला. त्याच प्रकीर्णनाच्या नियमांनी नवी मुंबईचे धूसर क्षितिज समजते. स्वच्छ हवेत रेणू आकाश निळे करतात. दूषित हवेत सूक्ष्म कण तेच आकाश पांढुरके करून दूरचे झाकून टाकतात.

५.४ पारिभाषिक शब्द

प्रकीर्णन : कणांवर पडलेला प्रकाश निरनिराळ्या दिशांना विखुरणे.
तरंगलांबी : तरंगाच्या लगतच्या दोन शिखरांमधील अंतर.
दृश्यमानता : दूरची वस्तू साध्या डोळ्यांनी ओळखू येण्याची कमाल अंतरमर्यादा.
ऊर्ध्वपातन : द्रवाची वाफ करून ती थंड करणे व शुद्ध द्रव मिळविणे.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

(अ) निकोल लोलकाने पृष्ठावरील परावर्तित प्रकाश अडवून.
(आ) रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात. तरंगलांबीएवढे कण सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात.

५.६ स्वाध्याय

१. रामन यांच्या चरित्रातील कोणता निर्णय तुम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो? सकारण लिहा.
२. कमला सोहोनी यांच्या प्रवेशाच्या प्रसंगाचे चरित्रलेखनाच्या दृष्टीने महत्त्व स्पष्ट करा.
३. उपक्रम : तुमच्या घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या, अंतर ठाऊक असलेल्या तीन खुणा निवडा, उदाहरणार्थ, जवळची पाण्याची टाकी, त्यापलीकडची इमारत आणि दूरचा डोंगर. तीस दिवस सकाळी आठ आणि दुपारी दोन वाजता त्यांपैकी कोणत्या दिसतात, याची नोंद ठेवा. नोंदींवरून धुके आणि धूर वेगळे ओळखता येतात का, यावर दोनशे शब्दांत निष्कर्ष लिहा.